एकोणीस एप्रिलचा शिक्का

फुमिएबाईंचं पत्र आलं त्या दिवशी आमच्या मुलीला बघायला मंडळी यायची होती. पोस्टमन दारात उभा, माझ्या दोन्ही हातांत बशा, आणि आतून शैला विचारत होती, "कोण आहे? आले का?"

"पोस्ट आहे," मी म्हटलं. बशा ठेवल्या, पाकिटावरचं तिकीट पाहिलं, आणि पाकीट न फोडता शब्दकोशांच्या रांगेमागे सरकवलं. मंडळी चहा पिऊन गेली. त्यांचा नकार चार दिवसांनी आला. पत्र मी त्याच रात्री वाचलं.

जपानीत लिहिलेली दोन पानं होती. पहिल्यांदा वाचायला मला दीड तास लागला, पुढे ती पाठच झाली. शेवटी, मला 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, अशी हाक मारून विचारलेला एकच प्रश्न होता : 'सेन्सेई, पंच्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये फिरती फळी माझ्या वडिलांच्या घरी नक्की कोणत्या दिवशी पोचली, ते तुम्हाला आठवतं का?'

आठवत होतं. वार आठवत होता, वेळ आठवत होती, माझ्या बुटांचा चिखल त्यांच्या ओट्यावर कुठे सांडला तेही आठवत होतं. उत्तर एका ओळीचं होतं. ती ओळ मी एकवीस वर्षं लिहिली नाही.

मी त्या काळी मिरजेच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. सुट्टीच्या दिवशी पुण्याला जाऊन जपानीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या. का दिल्या, ते मला अजून नीट सांगता येत नाही. माणसांशी बोलण्यापेक्षा पुस्तकातली भाषा सोपी वाटायची, हे एक कारण असेल. चौऱ्याण्णव साली शिमाने प्रांतातल्या एका लहान गावाला इंग्रजीसाठी परदेशी शिक्षक हवा होता. माझं नाव कसं कोण जाणे पुढे गेलं. मी बिनपगारी रजा घेतली आणि दोन वर्षांसाठी गेलो. शैला आणि मुलगी मिरजेलाच राहिल्या.

शाळा खाली खोऱ्यात होती, एकतीस मुलांची. खरं शिकवणं नाकाओकाबाई करायच्या. मी वाक्य म्हणायचं आणि मुलांनी माझ्यामागून म्हणायचं, एवढंच माझं काम. महिनाभरात सगळी मुलं अगदी माझ्या हेलात 'व्हेरी गुड' म्हणायला लागली.

"सेन्सेई, तपासणीला साहेब आले तर काय सांगायचं?" नाकाओकाबाईंनी विचारलं.

"भारतातला उच्चार आहे म्हणून सांगा."

"भारतात सगळे असेच बोलतात?"

"नाही. मिरजेत."

मला राहायला दिलेलं घर मात्र वर डोंगरात, कुरुमिदानी नावाच्या वाडीत होतं. चौदा घरं, उतारावर भाताची खाचरं, आणि खाचरांना पाणी देणारा एक पाट. माझं घर तेरावं. चौदावं, सगळ्यांत वरचं, इवातासानचं. (आपण 'राव' लावतो तसं तिथे नावाला 'सान' लावतात.) सत्तरीचा, सडसडीत, एकटा राहणारा माणूस. बायको वारलेली, मुलगी फुमिए मात्सुए शहरात दिलेली.

आमची ओळख कचऱ्यावरून झाली. तिथे कोणत्या वारी कोणता कचरा टाकायचा ते ठरलेलं असतं. मी टाकलेली पिशवी संध्याकाळी माझ्याच दारात परत यायची. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी इवातासान स्वतः पिशवी धरून उभे होते.

"काच बुधवारी."

"हो."

"आज सोमवार."

"हो."

"तुमच्या देशात वार वेगळे असतात?"

"नाही, सारखेच आहेत."

"मग बरं," म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात वर्तमानपत्रात गुंडाळलेला बांबूचा कोंब होता. पुढे मुळा, सुरण, भोपळा असं काहीबाही येत राहिलं. मी शाकाहारी असल्याचं त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. समोरासमोर आलो की ते मान झुकवत, मीही झुकवी, आणि दोघंही सुटल्यासारखे आपापल्या वाटेनं जात असू. तिथल्या सगळ्या माणसांत मला त्यांचीच सोबत सर्वांत सोपी वाटे.

वाडीतलं दुसरं कुणी मात्र त्यांच्या घराकडे फिरकत नसे. मी नाकाओकाबाईंना कारण विचारलं.

"कुरुमिदानीत पूर्वी चार वर्गांची शाळा होती," त्या म्हणाल्या. "इवातासान तेव्हा गावच्या सभेत निवडून गेलेले. शाळा बंद करायचा ठराव आला. वाडीनं बजावून पाठवलं होतं, विरोध करा. यांनी बाजूनं हात वर केला."

"का?"

"म्हणाले, छपराचे वासे कुजलेत, बर्फाच्या भारानं मुलांच्या अंगावर येईल."

"आणि मग?"

"आलं की खाली. तिसऱ्या हिवाळ्यात. शाळा बंद, त्यामुळे आत कुणी नव्हतं."

"म्हणजे त्यांचं खरं होतं."

"हो ना. त्यानं तर लोक जास्तच चिडले."

अकरा वर्षं झाली होती त्याला. आग लागली किंवा कुणी गेलं तर वाडी त्यांच्या दारी जाणार, एरवी नाही. दर वसंतात भाताआधी सगळी घरं मिळून पाट उपसत. त्या कामालाही त्यांना बोलावत नसत. आणि पाटाचं वरचं, पाणी अडवायचं-सोडायचं दार सांभाळणारे पाटकरी तर वडिलांच्या वेळेपासून तेच होते.

आता फळीचं सांगायला हवं. वाडीतली प्रत्येक सूचना एका फळीवरून फिरायची, जपानीत तिला काइरानबान म्हणतात. जाड पुठ्ठा, वर चिमटा. वाडीप्रमुख मोरीवाकीसान तीवर कागद लावून पहिल्या घरी देत. ज्याच्याकडे येईल त्यानं वाचायचं, खाली आपल्या घराच्या चौकोनात शिक्का मारून तारीख घालायची आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पुढच्या घरी स्वतः नेऊन द्यायची. फोन सगळ्यांकडे होते. पण जे फळीवर आलं नाही ते वाडीनं सांगितलंच नाही, असं धरत. ती इवातासानकडेही जायची. वाळीत टाकलेल्या माणसालाही फळी चुकवत नसत. माझ्यानंतर त्यांचं घर, आणि तिथून ती परत मोरीवाकींकडे.

माझी एक खोड होती. फळी आली की मी तिच्यावरचा मजकूर वहीत उतरवून काढायचो, कोश घेऊन बसायचो, आणि अर्थ लागल्यावरच पुढे द्यायचो. नुसता शिक्का मारून दिली असती तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण न वाचलेल्या कागदावर शिक्का मारणं मला जमत नसे. त्यात थोडा गर्वही होता.

अठरा एप्रिलला, मंगळवारी संध्याकाळी, फळी आली. छापलेला भाग मला लगेच कळला : रविवार, तेवीस तारीख, सकाळी सात, पाट उपसणे. खाली मोरीवाकीसाननी ब्रशनं चार ओळी लिहिल्या होत्या, सगळी अक्षरं एकमेकांत गेलेली. त्या मला लागेनात. मी शिक्का मारला, अठरा तारीख घातली आणि वही काढली. बुधवारी बसलो. गुरुवारी बसलो. शुक्रवारी नाकाओकाबाईंना विचारावं असं मनात आलं होतं, पण फळी अजून माझ्याकडेच आहे हे त्यांना कळलं असतं. तसंही पुढचं घर इवातासानचं. पाटाच्या कामाला त्यांना बोलावतच नाहीत, मग घाई कसली, अशी मी माझी समजूत घातली.

रविवारी सातला मी फावडं घेऊन पाटावर गेलो. तेरा घरांची माणसं आली होती. गमबूट, मानेला टॉवेल, थंडी अजून होती. कुणी कामाला हात लावत नव्हतं. सगळे वरच्या वळणाकडे बघत उभे.

"सव्वासात झाले," तेत्सुओ म्हणाला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि वाडीत सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा. "मोरीवाकीसान, तुमचे पाहुणे उठले नाहीत वाटतं."

"येईल."

"अकरा वर्षं आला नाही, तो आज येईल?"

"अकरा वर्षं बोलावलं नव्हतं. आज बोलावलंय."

"मग अक्षर तरी बरं काढायचं! वाचताच आलं नसेल बिचाऱ्याला."

लोक हसले. मोरीवाकीसानही हसले, पण त्यांची नजर वळणावरून हलली नाही. त्यांची बायको माझ्या शेजारी डब्यांची टोपली घेऊन उभी होती. मला म्हणाली, "यांनी तीन रात्री बसून चार ओळी लिहिल्या, सेन्सेई. 'वरचं दार तुमचं आहे, पूर्वीसारखं या.' यातल्या निम्म्या लोकांना तेही पसंत नव्हतं. घरोघर जाऊन समजावलं यांनी."

"तोंडी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कसं सांगणार? समोर नाही म्हणाला तर दोघांची अब्रू जायची. फळीवर असलं की नुसतं यायचं. आला म्हणजे हो."

आणि आला नाही म्हणजे नाही. ते तिनं म्हटलं नाही.

फळी माझ्या टेबलावर होती. तिथून इवातासानचं घर सात मिनिटांवर, पळत गेलो असतो तर चार. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं : 'फळी माझ्या घरी आहे.' सातवीतल्या मुलालाही जमेल असं वाक्य. मी फावड्याच्या दांड्यावरची पकड बदलली, घसा खाकरला. मोरीवाकीसाननी माझ्याकडे पाहिलं.

"काय, सेन्सेई?"

"थंडी आहे," मी म्हणालो.

"हो, आज आहे खरी."

साडेआठला त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आतून झटकली, परत घातली. "चला, सुरू करा," म्हणाले. वरचं दार उघडायला ते स्वतः दोघांना घेऊन गेले, पण ते अडकलं. तासभर वरून हातोड्याचे आवाज येत होते. तेत्सुओनं दोनदा तोंड उघडलं आणि मोरीवाकींच्या बायकोकडे बघून मिटलं.

दुपारी डबे वाटले. एक उरला. "तुम्हीच घ्या, सेन्सेई," ती म्हणाली, "नाहीतरी बारीकच आहात." दोन्ही डबे घेऊन मी घरी आलो, टेबलावर ठेवले, फळी उचलली आणि वर गेलो.

इवातासान ओट्यावर बसून कांद्याची रोपं निवडत होते. मी फळी पुढे केली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. छापलेलं त्यांनी वाचलं नसावं, नजर थेट खालच्या चार ओळींवर गेली आणि तिथेच राहिली. मी बुटांकडे बघत उभा होतो. चिखल त्यांच्या ओट्याच्या फरशीवर पडत होता.

"काम सुरू झालं?"

"झालं."

"वरचं दार?"

"अडकलं होतं. हातोड्यानं उघडलं."

"हातोड्यानं!" ते पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. "आधी डावीकडे अर्धा फेरा द्यावा लागतो. मग उजवीकडे." त्यांच्या दाराच्या आत, खुंटीवर, दीड हात लांबीचा लोखंडी दांडा टांगलेला होता. पाटाचं दार फिरवायचा दांडा. त्यावर ताजं तेल चमकत होतं. अकरा वर्षं ज्या कामाला बोलावणं नाही, त्याच्या दांड्याला हा माणूस दर वसंतात तेल लावत होता.

"ही तुमच्याकडे कधी आली?"

"मंगळवारी." मी खाली वाकलो, अगदी कमरेतून. "चूक माझी आहे."

"तुम्हाला वाचता आलं नाही का हे?"

"नाही."

"मोरीवाकीचं अक्षर शाळेतही असंच होतं," ते म्हणाले. आत जाऊन शिक्का घेऊन आले, आपल्या चौकोनात मारला आणि पेन उघडलं. मी बघत होतो. त्यांनी एकोणीस लिहिलं.

"आज तेवीस आहे," मी म्हणालो.

"बुधवारी आणलीत तुम्ही."

"नाही, मी आत्ता..."

"बुधवारी आणलीत, सेन्सेई. मी वाचली आणि मला जायचं नव्हतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुम्हाला अजून वर्षभर इथे राहायचंय. दुकानात जायचंय, मुलांना शिकवायचंय. फळी अडवली म्हणून लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत. नुसते बोलायचे थांबतील. ते कसं असतं ते मला माहीत आहे."

"मी मोरीवाकीसानना सांगतो. आत्ता जातो."

"आणि मी खोटं लिहिलं असंही सांगणार? अकरा वर्षं वाडी मला काय काय म्हणाली, पण खोटारडा कुणी म्हटलं नाही. तेवढं राहू द्या." मग थोडं हसून म्हणाले, "वाडीत असा एक माणूस पुरे. दोन झाले तर पाट कोण उपसणार?"

फळी त्यांनी स्वतः नेऊन दिली. मोरीवाकींच्या ओट्यावर ठेवून, न बोलता परत आले असं ऐकलं. पुढच्या वसंतातल्या पाटाच्या कामाची यादी मी निघण्याआधीच फळीवर फिरली, तीत तेराच नावं होती.

मी गप्प राहिलो. त्यांनीच तसं सांगितलं होतं म्हणून गप्प राहिलो, असं पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आलो. पण त्यांनी एकोणीस लिहिलं त्या क्षणी मला हायसं वाटलं होतं. तेही सांगायला हवं.

त्यांच्याकडून भाज्या येत राहिल्या. शहाण्णवच्या मार्चमध्ये मी निघालो. निरोपाचं जेवण मोरीवाकींकडे होतं, त्याला इवातासान नव्हते. सकाळी मी त्यांच्याकडे गेलो.

"घरी मुलगी वाट बघत असेल," ते म्हणाले.

"हो. तुमच्या फुमिएसान कशा आहेत? बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत."

"येत नाही आता ती." ते दाराबाहेर बघत होते. "मोरीवाकीच्या बायकोनं फोनवर सांगितलं तिला. बोलावलं तरी बाप गेला नाही म्हणून. तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती, वाडीतलं कुणी आलं नाही. माझ्या हट्टानं ती एकटी गेली, असं फुमिएला पहिल्यापासून वाटतं. आता तर वाडीनं हात पुढे केला तरी मी..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. "बस चुकेल तुमची."

त्या वेळीही बोलता आलं असतं. मात्सुए माझ्या वाटेवरच होतं. गाडी तिथे सहा मिनिटं थांबली आणि पुढे गेली.

पत्रातून बाकीचं कळलं. इवातासान दोन हजार तीनच्या थंडीत गेले. आठ वर्षांत फुमिएबाई दोनदा आल्या होत्या, दोन्ही वेळा भांडून परत गेल्या. रिवाजाप्रमाणे मयताला वाडी आली. दिवस झाल्यावर मोरीवाकीसाननी जपून ठेवलेला तो कागद त्यांना आणून दिला. म्हणाले, 'तुमच्या वडिलांना मी बोलावलं होतं, हे तुम्हाला ठाऊक असावं.' बाईंनी तारीख पाहिली. एकोणीस एप्रिल पंच्याण्णव. त्या दिवशी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि वडील अठरापासून वीसच्या दुपारपर्यंत दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून होते. 'मग एकोणिसाला शिक्का मारला कुणी? वर तुमचा शिक्का आहे, म्हणून तुम्हाला विचारते. वडिलांनी खरोखर नकार दिला होता का? मी त्यांना फार वाईट बोलले आहे.'

मी उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा फार औपचारिक झाला, दुसरा फार मोकळा. तिसऱ्यात क्षमा मागण्याचा शब्द मला पटेना. पंधरा-सोळा मसुदे झाले असतील. मग मुलीचं लग्न झालं, मी निवृत्त झालो, इतक्या उशिरा लिहिण्याबद्दल आधी काय लिहावं हा प्रश्न आला, आणि तो दर वर्षी जास्त अवघड होत गेला.

गेल्या जुलैत आम्ही पुस्तकं वाचनालयाला द्यायला काढली. माझी दृष्टी अधू झाली आहे, कोशांचा मला आता उपयोग नाही. शैला फडक्यानं एकेक पुसत होती. तिला पाकीट सापडलं.

"हे कुणाचं?"

मी सांगितलं. सगळं सांगायला तासभर लागला. एकोणतीस वर्षांत तिला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती फडकं हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे त्या बाईनं बापाला हट्टी समजत बसावं, आणि तुम्ही इथे शब्द पसंत करत बसलात?"

"मला नीट लिहायचं होतं."

"मराठीत लिहायचं होतं! तिनं कुणाकडून तरी वाचून घेतलं असतं." मग तिनं विचारलं, "पण काय हो, इतक्या दिवसांत त्या चार ओळी लागल्याच नाहीत तुम्हाला? तुम्हाला? तुम्ही तर शिलालेखासमोरही आठ-आठ तास बसता."

मी समोरचं पुस्तक उचलून दुसऱ्या गठ्ठ्यावर ठेवलं.

"लागल्या होत्या," ती म्हणाली.

"शनिवारी. दुपारी चारला."

"मग?"

"चार दिवस ठेवून घेतली होती. कसं तोंड दाखवायचं, ते सुचेना. म्हटलं, सकाळी कामाला जाताना देऊ. सकाळी त्यांच्या वाटेपर्यंत गेलोही. फळी घरीच राहिली होती. की मीच ठेवली होती, ते मला आजही ठरवता येत नाही."

"आणि त्यांनी विचारलं, वाचता आलं नाही का, तर तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"म्हणून त्यांनी तारीख बदलली."

"हो."

शैला उठली. तिनं वाचनालयासाठी बांधलेल्या गठ्ठ्याची दोरी सोडली, जपानीचा कोश काढून माझ्यापुढे ठेवला आणि भिंग आणून दिलं. "बसा," म्हणाली. "जेवायला हाक मारणार नाही. झालं की या."

नऊ ओळी झाल्या. फळी माझ्याकडे अठराला आली. तुमच्या वडिलांकडे मी ती तेवीसला, काम सुरू झाल्यावर, दुपारी नेली. एकोणीस त्यांनी माझ्यासाठी लिहिलं. मला वाचता आलं नाही असं मी त्यांना सांगितलं होतं, ते खोटं होतं, आदल्या दिवशी मला वाचता आलं होतं. हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी नकार दिला नव्हता. दाराच्या दांड्याला त्यांनी तेल लावून ठेवलं होतं, मी पाहिलं आहे, ते आले असते. हे पत्र ज्याला दाखवायचं त्याला दाखवा, वाडीतही. उशिराबद्दल मी काहीच लिहिलं नाही. क्षमेचा शब्दही शेवटी साधाच घातला, मुलं वर्गात वापरतात तो.

सकाळी पोस्टात रांग होती. काउंटरवरच्या मुलीनं पाकीट वजन करायला मागितलं.

"जपान? रजिस्टर करायचं का, आजोबा?"

"हो. पत्ता जुना आहे पण. बाई आता पंचाहत्तरीच्या असतील. असल्या तर."

"नाही मिळालं तर परत येईल तुमच्याकडे. पाठवणाऱ्याचं नाव नीट लिहा. हे काय, अर्धंच लिहिलंय."

मी नाव पूर्ण केलं. अच्युत वामन खांबेटे, मिरज. अक्षर चांगलं आलं नाही. तिला ते लागलं.

"आत काय आहे? वस्तू वगैरे?"

"पत्रच आहे."

"द्या मग."

मी पाकीट खिडकीतून आत सरकवलं. तिनं दुसरं टोक धरलं, ओढलं, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागचा माणूस खाकरला.

"आजोबा," ती म्हणाली, "सोडा ना."

मी सोडलं.